स्कूटर विकून घेतलेले स्पीकर

९ फेब्रुवारी

आज जेवताना आई म्हणाली, "स्कूटर खाली नुसती धूळ खातेय. विकून टाकू या."

मी बरं म्हणालो. बाबांना जाऊन तीन महिने होत आले. स्कूटर मला चालवता येते, पण मी बसनंच जातो. तिच्या सीटवर बसवत नाही.

"आणि त्या पैशांचं मला होम थिएटर घे," आई म्हणाली. "दुकानात जाऊन तू नीट बघ. तुला त्यातलं कळतं."

माझा हात ताटातच थांबला. आपला टीव्ही तर चांगला चालतोय, असं मी म्हणालो.

"टीव्ही चालतोय. आवाज कुठे चालतोय?"

मला लाज वाटली. बाबांची वस्तू विकायची आणि त्या पैशांत करमणुकीचं सामान आणायचं, तेही इतक्या लवकर. लोक म्हणतील, नवरा गेला आणि बाईला रान मोकळं झालं. हे मी बोललो नाही. एवढंच विचारलं की कशाला हवंय.

तेव्हा तिनं सांगितलं की तिच्या माहेरचं घर एका सिनेमागृहाच्या मागच्या भिंतीला लागून होतं. "तिकिटाला पैसे कुठले? पण सगळे सिनेमे मी ऐकलेत. बोलणं कळायचं नाही. पण घोडे, पाऊस, मारामारी, सगळं भिंतीतून यायचं. पाठ टेकून बसलं की पोटात धडधडायचं. तसं एकदा पाहिजे."

हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. मी जन्मल्यापासून तिच्याबरोबर राहतोय.

१२ फेब्रुवारी

बाबांची फार आठवण आली. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कायम रात्रपाळीला असायचे. तिथे मोठमोठे पंप, रात्रभर कानठळ्या. सकाळी घरी येऊन झोपायचे. त्यामुळे आमचं घर शांत असायचं. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवलेले. दार लावताना कडी उचलून धरायची, म्हणजे वाजत नाही. टीव्ही अगदी जवळ बसून बघायचा. कुणी मोठ्यानं बोललं तर बाबा रागवायचे नाहीत, नुसता तळहात खाली दाबल्यासारखा करायचे. तेवढं पुरायचं. निवृत्तीनंतर ते रात्रीच झोपू लागले, पण घराला लागलेलं वळण तसंच राहिलं. त्यात वाईट काहीच नव्हतं. आमच्याकडे कधी भांडण झालं नाही. शेजारच्या घरांत कपबशा फुटायच्या तेव्हा मला आमच्या घराचा अभिमान वाटायचा.

आईला खोकला आला की ती गॅलरीत जाऊन खोकायची. तिला हवा लागते म्हणून, असं मी समजत होतो.

१७ फेब्रुवारी

ताईचा फोन. ताई लग्न होऊन गेल्यापासून फार मोठ्यानं बोलते, फोन कानापासून लांब धरावा लागतो. तिच्या सासरी सगळे तसेच आहेत. मला वाटलं होतं ती माझ्या बाजूनं बोलेल.

"काय चूक आहे त्यात?" ती म्हणाली. "घे की! चांगलं दणदणीत घे!"

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांना ऐकू तर येऊ दे, मग म्हणतील."

मी म्हणालो, बाबांना आवडलं नसतं. ती म्हणाली, "बाबांना नसतं आवडलं, खरं आहे. पण आता घेणारा तू आहेस, ऐकणारी आई आहे. तुला नको असेल तर तसं म्हण ना, बाबांना कशाला पुढे करतोस?"

मी विषय बदलला. मला काय नको असणार? मी फक्त विचार करतोय.

२१ फेब्रुवारी

स्कूटर गेली. घेणाऱ्या माणसानं ती चालू करून दाराशीच दोन-तीनदा जोरात रेस करून पाहिली. बाबा कोपऱ्यावरच इंजीन बंद करायचे आणि उतारावरून तिला नुसती घरंगळत आणायचे, सकाळी कुणाची झोप मोडू नये म्हणून. तो माणूस गल्लीभर फटफट करत गेला. मी जिन्यात जाऊन डोळे पुसले. वर आलो तेव्हा आई गॅलरीत उभी होती. "किती छान वाजते रे," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."

मला तिचा राग आला. लिहून ठेवतो, कारण लगेच त्या रागाचीही लाज वाटली.

१ मार्च

आज आईला घेऊन दुकानात गेलो. दुकानात मागे एक वेगळी काचेची खोली आहे, भिंतींना कापड लावलेली, मधे मोठी खुर्ची. तिथे बसवून ऐकवतात. दाखवणारा माणूस पन्नाशीचा, बोलका. आईनं त्याला पहिल्या पाच मिनिटांत 'आवाजवाला' नाव ठेवलं आणि त्याच्या तोंडावरच वापरलं.

मी घरून तयारी करून गेलो होतो. आमची बैठकीची खोली छोटी आहे. आमच्या पैशांत नवा चांगला साउंडबार येतो, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची एक लांब पट्टी. बोलणं स्वच्छ ऐकू येतं, जागा अडत नाही. पाच स्पीकरचा संच आमच्या आवाक्याबाहेर. डब्यावर लिहिलेल्या वॅटच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही हेही मी वाचलं होतं. ते क्षणभर काय झेपेल त्याचे आकडे असतात, सतत किती झेपेल त्याचे नसतात.

आवाजवाल्यानं पट्टी ऐकवली. मी म्हणालो, उत्तम आहे.

आई म्हणाली, "हे टीव्हीसारखंच आहे. जरा बरं. धडधड कुठे आहे?"

"धडधड या साहेबांनी वजा केली," आवाजवाला म्हणाला आणि कोपऱ्यातल्या एका काळ्या चौकोनी डब्यावर थाप मारली. "हा पाहिजे त्याला. सबवूफर."

"धडधड्या," आई म्हणाली.

"बरोबर. धडधड्या. आता ऐका."

त्यानं पाच स्पीकरचा संच लावला. पडद्यावर कसलीशी घोड्यांची शर्यत होती. घोडे मागून आले, माझ्या डाव्या कानाजवळून गेले आणि पुढे निघाले. जमीन हादरली. आणि माझा हात आपोआप वर होऊन तळहात खाली दाबला गेला. आवाजवाल्याला वाटलं मी थांबा म्हणतोय. त्यानं बंद केलं.

आईनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लहानपणी आम्ही घालायचो तशी.

"जास्त झाला का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो की हे आमच्या पैशांत बसणार नाही.

"हा खोक्यातला नवा नाही, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला आहे. गेल्या वर्षीचं मॉडेल. दुकानात रोज वाजलेला म्हणून मी पट्टीच्या किमतीत देईन," तो म्हणाला. "आजींच्या वाट्याचा दिसतोय."

माझ्याकडे उरलेलं एकच कारण असं निघून गेलं. विचार करून सांगतो, म्हणालो. बसमध्ये आई खिडकीतून बाहेर बघत होती.

४ मार्च

मी बांधकामाच्या साहित्याच्या प्रयोगशाळेत आहे. काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचे आणि कितीवर फुटले ते नोंदवायचं, हे माझं काम. ठोकळा फुटताना धाडकन आवाज होतो, पण मी कानांवर आवाज अडवणारी जाड टोपणं घालतो. बाकी कुणी घालत नाही.

आमच्या विभागात एकाला सगळे वकील म्हणतात, कारण तो कशावरही वाद घालतो. त्याला मी स्पीकरबद्दल विचारलं. कुणासाठी, असं त्यानं विचारल्यावर मी म्हणालो, माझ्यासाठी.

"अरे वा! बाप गेला आणि पोरगं सुटलं!" तो हसून म्हणाला. मग माझा चेहरा बघून, "सॉरी यार, जीभच तशी आहे." मग बराच वेळ त्यानं मला कुठला संच घ्यावा ते समजावलं.

आईचं नाव सांगायची मला लाज वाटली. मग खोटं बोलल्याची वाटली. आणि त्याच्या बोलण्यानं आईबद्दल जे लोक म्हणतील असं मला वाटत होतं, ते माझ्याबद्दल ऐकावं लागलं. ते तितकंसं भयंकर नव्हतं.

८ मार्च

संच घेतला. तोच, दुकानातला. आवाजवाला स्वतः एका कामगाराला घेऊन आला, भिंतीला खुंट्या ठोकल्या, तारा कडेकडेनं नेल्या. खुर्च्यांच्या पायांतले मोजे बघून म्हणाला, "यांना थंडी वाजते का?" आई इतकी हसली की तिला खोकला आला. ती गॅलरीत निघाली होती, पण दारातच थांबून तिथेच खोकली.

ते गेल्यावर खालच्या मजल्यावरचे काका आले. "काय ठोकाठोकी चालली होती?" मी म्हणालो, कामासाठी एक यंत्र लागतं घरी. काकांनी पाच स्पीकर बघितले आणि "असं होय," म्हणाले. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती.

९ मार्च

आई दुपारची झोपली होती तेव्हा संचाचं माहितीपुस्तक वाचलं. त्यात एक सोय आहे. आवाज जास्तीत जास्त किती चढावा ते आतून ठरवून ठेवता येतं. मग बाहेरून बटण कितीही दाबलं तरी त्याच्या पुढे जात नाही. लहान मुलांच्या घरासाठी असावी. मी ती लावली. धडधड्याचा जोरही अगदी खालच्या पायरीवर आणला.

खालच्या मजल्यावर काका-काकू आहेत, त्यांचा विचार करायलाच हवा. इमारत जुनी आहे. कंपनाचा परिणाम मला माझ्या कामामुळे माहीत आहे.

१० मार्च

आईनं आज पहिल्यांदा लावला. मी शेजारच्या खोलीत होतो. जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. बरं वाटलं.

१५ मार्च

आई म्हणाली, "दुकानात वेगळा वाटत होता रे."

मी म्हणालो, "दुकानातली खोली वेगळी असते. भिंतींना कापड, गालिचा. आपल्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून विरतो. खोलीचा परिणाम असतो तो."

"म्हणजे आपली खोलीच तशी."

"हो."

"बरं," ती म्हणाली. "पण छान आहे. घोडे कळतात."

मी शिकलेला आहे म्हणून तिनं विश्वास ठेवला. हे वाक्य लिहून मी बराच वेळ पेन खाली ठेवलं होतं.

२८ मार्च

आईला हल्ली दुपारी बाहेर जायची सवय लागलीय. पाय मोकळे करून येते म्हणते. तब्येत सुधारलीय. बरं झालं.

२ एप्रिल

प्रयोगशाळेत फोन आला. आवाजवाला.

"साहेब, गैरसमज नको. तुमच्या आई आमच्याकडे येतात. आठवड्यातून दोनदा तरी. काचेच्या खोलीत बसतात. आमची काहीच हरकत नाही, दुपारी गिऱ्हाईक नसतं, मी चहासुद्धा देतो. पण मला वाटलं संचात बिघाड असेल. त्या म्हणाल्या, बिघाड नाही, आमची खोलीच तशी आहे, मुलगा सांगतो."

मी हातातला ठोकळा खाली ठेवला.

"साहेब, खोलीनं इतका फरक नाही पडत. मी उद्याच येऊन बघतो. पैसे नाही घेणार. आजींचं मन लागत नाही घरी, म्हणून म्हटलं."

मी म्हणालो, नको, मीच येतो तुमच्याकडे. तो आला असता तर दोन बटणं दाबून त्याला सगळं दिसलं असतं. दिवसभर काँक्रीटचे आकडे चुकीचे नोंदवत होतो. वकिलानं दोनदा दुरुस्त केले.

३ एप्रिल

अर्धी रजा टाकून दुकानात गेलो. आवाजवाल्यानं बोट ओठांवर ठेवून आत यायची खूण केली.

काचेपलीकडे आई बसली होती. चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या. तळपाय गालिचावर सपाट, डोळे मिटलेले. पडद्याकडे तिचं लक्षच नव्हतं. काचेमुळे मला आवाज येत नव्हता, पण काचेवर हात ठेवला तर ती थरथरत होती. आईच्या गुडघ्यांवरचे दोन्ही हात ठेका धरत होते.

बाबा होते तोवर मी तिला कधी ठेका धरताना पाहिलं नव्हतं. मी असं लिहिलं, पण खरं तर नंतरही पाहिलं नव्हतं. घरी ती माझ्यासमोरच असते.

आवाजवाला हळूच म्हणाला, "संच काय म्हणतो?"

मी त्याला सांगितलं. मर्यादा मीच लावलीय म्हणून. शेजाऱ्यांमुळे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण म्हणवेना.

तो हसला असता किंवा रागावला असता तर सोपं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "आत जाता?"

मी आत गेलो नाही. ती बाहेर येण्याआधी निघालो.

४ एप्रिल

मर्यादा काढली. धडधड्या मधल्या पायरीवर आणला. आईला काही सांगितलं नाही. ती लावेल, तिला आपोआप कळेल, असा विचार केला. म्हणजे पुन्हा चोरासारखंच.

८ एप्रिल

तिनं रोज लावला, रोज तेवढाच हळू. बटण वर जातं हे तिला माहीतच नाही. मी शेजारच्या खोलीत कान लावून बसतो. माझी कमाल आहे.

९ एप्रिल

आज सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, तो आवाज मीच अडवून ठेवला होता. खोलीचं काही नव्हतं. आता काढलंय ते."

तिनं घडी पूर्ण केली. "माहीत होतं," म्हणाली.

"कसं?"

"आवाजवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, बिघाड नसला तर आतून कुणीतरी बांध घातला असेल. घरात आपण दोघंच."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारायची सवय कुठे आहे मला?" ती सहज म्हणाली, टोमणा नव्हता. "तुला आवाजाचा त्रास होतो. तुझ्या बाबांनाही व्हायचा. त्यांचं तरी कारण होतं, रात्रभर जागायचे बिचारे. तू तसाच झालास. त्यात तुझी काय चूक? मी जाते की तिकडे. खुर्ची देतो, चहा देतो."

मी म्हणालो, मला त्रास होत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझा एक शर्ट उचलून घडी घालायला लागली. "बरं," म्हणाली.

बाबांना ती आयुष्यभर असंच बरं म्हणत आली. मला वाटायचं, त्यांचं पटतं.

१३ एप्रिल

ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, "मी लग्नाला लगेच हो का म्हटलं माहितीये? बघायला गेलो त्या दिवशी त्यांच्या घरात कुणीतरी पातेलं पाडलं, आणि कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही."

मग म्हणाली, "तू घरी असशील तोवर ती नाही लावायची. तू म्हणशील लाव, ती म्हणेल बरं. कळतंय का तुला?"

कळतंय.

१८ एप्रिल

सुट्टी असून आईला सांगितलं की प्रयोगशाळेत जादा काम आहे, संध्याकाळ होईल. काम काही नव्हतं. बागेत बसलो, एका दुकानात उगाच छत्र्या बघितल्या. आपल्याच घरात आपली अडचण होते हे कळल्यावर माणसानं कुठे बसायचं, ते काही सुचलं नाही. चारच्या सुमारास परतलो.

इमारतीच्या दारातच धडधड जाणवली. आधी पायांना, मग कानांना. पहिल्या जिन्यावर कठड्याला हात लावला तर तो बारीक हलत होता. खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे होते, हातात वर्तमानपत्र.

"हे तुमच्याकडचं का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं मी टीव्हीतल्या बिघाडाचं काहीतरी सांगेन. "आमच्याकडचंच," मी म्हणालो. "आईनं लावलंय. तिच्यासाठी घेतलं. बाबांची स्कूटर विकून."

"बाईंनी?" काका म्हणाले. थोडा वेळ छताकडे बघत ऐकत राहिले. "काय, युद्ध आहे की काय?"

"मला माहीत नाही."

"पाचनंतर बंद करा म्हणावं. आमची नात येते झोपायला."

एवढंच. इतके महिने मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं.

वर गेलो. किल्लीनं दार उघडलं. माझं येणं तिला कळलंच नाही. ती खुर्चीवर पाय वर घेऊन, मोकळी, मागे रेलून बसली होती. पडद्यावर समुद्र होता, लाटा जहाजावर आदळत होत्या. कपाटातली भांडी किणकिणत होती. मी दारातच उभा राहिलो. तिनं मान वळवली, मला पाहिलं, आणि तिचा हात झटकन रिमोटकडे गेला.

"राहू दे!" मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही. तिनं भुवया उंचावल्या.

"राहू दे म्हणतोय!"

"काय?"

"राहू दे! कमी करू नकोस!" मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं मी कधी बोललो होतो, मला आठवत नाही. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तिनं मला ऐकता यावं म्हणून आवाज एकदम खाली आणला. खोली शांत झाली. "काय झालं? काय म्हणत होतास?"

"काही नाही," मी म्हणालो. "वाढव."

"मग ओरडतोस कशाला एवढ्यांदा?" आई म्हणाली, आणि वाढवला.